हौशी बिनतारी प्रेषकयंत्रें : त्यांचा जीर्णोद्धार व पाठनिश्चय

या त्रैमासिकांतून बखरी, फर्मानें, ताम्रपट, नाणीं व पोथ्या यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. बिनतारी संदेश पाठविण्याच्या यंत्राविषयीं येथें लिहावें, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं विषयांतर वाटेल. परंतु ज्याच्या प्रत्येक प्रतींत कर्त्याचा हात निराळा दिसतो, ज्यावर मागाहून इतरांनीं दुरुस्त्या केलेल्या असतात, आणि ज्याच्या साक्षीनें इतिहासांतील एखाद्या तपशिलाचा निर्णय लागूं शकतो, तें यंत्र संशोधकाच्या दृष्टीनें पोथीच होय. हौशी मंडळींनीं घरीं जुळविलेलीं अशीं प्रेषकयंत्रें आज भंगाराच्या भावानें मोडींत जात आहेत. आणि जीं वांचतात त्यांपैकीं बरींच सुधारणेच्या नांवाखालीं आपलें मूळ रूप गमावून बसतात. पोथीस जे नियम आपण लावतों तेच या यंत्रांस लावले पाहिजेत, इतकेंच प्रस्तुत लेखांत प्रतिपादन करण्याचा आमचा हेतु आहे.

हौशी बिनतारी म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. परवाना घेऊन, नफ्याचा हेतु न ठेवितां, केवळ विद्येच्या गोडीनें स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या समव्यसनी लोकांशीं संदेशांची देवघेव करणारांस ‘हॅम’ असें म्हणतात. आपल्या देशांत या विद्येचा आरंभ १९२१ सालीं अमरेंद्रचंद्र गुप्तु व मुकुल बोस यांच्यापासून धरतात. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून यंत्र बाळगणें गुन्हा ठरला. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले व यंत्रें सरकारच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. युद्ध संपल्यावर परवाने पुनः मिळूं लागले, आणि १९४८ सालीं महू येथें या मंडळींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

आष्टीची वार्ता

अशा यंत्राचें ऐतिहासिक मोल किती असूं शकतें, याचें उदाहरण आमच्या वर्धा जिल्ह्याच्या इतिहासाशींच निगडित आहे. १४ जुलै १९४२ रोजीं वर्धा येथें काँग्रेस कार्यकारिणीनें इंग्रजांनीं हा देश सोडावा असा ठराव केला. ८ ऑगस्ट रोजीं मुंबईंत गवालिया टँक मैदानावर महासमितीनें त्या मागणीस मान्यता दिली व दुसरे दिवशीं पहांटेच पुढारी पकडले गेले. १६ ऑगस्ट रोजीं या जिल्ह्यांतील आष्टी येथें, व त्याच दिवशीं तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें, लोकांचा उठाव झाला. गोळीबार झाला, प्राणहानि झाली, आणि मागाहून लोकांवर जुलूम झाले. वृत्तपत्रांवर निर्बंध असल्यामुळें हा वृत्तांत उघडपणें छापणें दुरापास्त होतें. चिमूर प्रकरणाकडे लक्ष वेधण्यासाठीं सेवाग्राम आश्रमांतील प्रा. भणसाळी यांस प्रदीर्घ उपोषण करावें लागलें.

जी वार्ता छापतां येत नव्हती ती आकाशमार्गानें गेली. मुंबईंत उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी प्रभृति तरुणांनीं ‘काँग्रेस रेडिओ’ नांवाचें गुप्त केंद्र चालविलें. उषाबाईंचें वय तेव्हां अवघें २२ वर्षांचें होतें. डॉ. राममनोहर लोहिया यांचा या कार्यास आधार होता, शिकागो रेडिओ या व्यवसायाचे नानक मोटवाने यांचें सामग्रीच्या कामीं साहाय्य होतें, आणि यंत्र उभें करण्याचें काम नरिमन प्रिंटर या बिनतारी विद्येंत तरबेज असलेल्या गृहस्थांनीं केलें. पोलिसांच्या शोधास चुकविण्यासाठीं यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. आष्टी व चिमूर येथील अत्याचारांची साद्यंत हकीकत आपण या केंद्रावरून प्रसृत केली, असें उषाबाईंनीं पुढें सांगितलें आहे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं छापा पडला. खटल्यांत बाबूभाई खाकर यांस पांच, उषा मेहता यांस चार व चंद्रकांत झवेरी यांस एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व मोटवाने हे निर्दोष सुटले. प्रिंटर हे सरकारपक्षाचे साक्षीदार झाले होते.

आतां संशोधकांनीं लक्ष द्यावें असा भाग येतो. या केंद्राच्या आरंभाची तिथि उषाबाईंच्या आठवणींत २७ ऑगस्ट अशी आहे, तर इतर लेखांत ती सप्टेंबरच्या दुसऱ्या वा तिसऱ्या तारखेची दिलेली आढळते. लहरीविषयींही असाच पाठभेद आहे. केंद्राच्या घोषणेंत ४२.३४ मीटर ही लांबी सांगितली जात असे. हौशी मंडळींच्या इतिहासांत मात्र सेकंदास ७१ लक्ष २० हजार आवर्तनें हा आंकडा येतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर. त्यास लहरीच्या लांबीनें भागलें म्हणजे आवर्तनसंख्या मिळते. या हिशेबानें ४२.३४ मीटर म्हणजे ७० लक्ष ८० हजार आवर्तनें होतात, आणि दुसरा आंकडा खरा मानल्यास लांबी ४२.१ मीटर येते. दोहोंमध्यें ४० हजार आवर्तनांचें अंतर आहे. दोन्ही आंकडे हौशी मंडळींच्या ४० मीटर पट्ट्यांतलेच आहेत, ही गोष्टही सूचक आहे : यंत्र कोणत्या परंपरेंतून आलें, हें त्यावरून दिसतें.

अशा पाठभेदाचा निर्णय कशानें लागतो? स्मृतीनें नव्हे व तर्कानेंही नव्हे. पुष्कळशा प्रेषकयंत्रांत आवर्तनसंख्या स्थिर राखण्यासाठीं गारेच्या स्फटिकाची चकती बसविलेली असते. ती जितकी पातळ घांसावी तितकी आवर्तनें वाढतात. आणि ज्या डबींत ती बसवितात त्या डबीवर बहुधा आंकडाही कोरलेला असतो. पोथीच्या अखेरीस असलेल्या पुष्पिकेचें जें महत्त्व, तेंच यंत्रांत या डबीचें. एखाद्या उत्साही दुरुस्तीकारानें ती ‘जुनी झाली’ म्हणून काढून नवें साधन बसविलें कीं पुष्पिकेचें पान फाडल्यासारखें होतें.

यंत्राचे अवयव

प्रेषकयंत्राचे मुख्य अवयव चार. पहिला वीजपुरवठ्याचा : यांत घरांतील विजेचा दाब ट्रान्स्फॉर्मरनें वाढवून ती एकदिश करतात. दुसरा आंदोलक : स्फटिकाच्या साहाय्यानें येथें मूळ लहर उत्पन्न होते. तिसरा वर्धक : या ठिकाणीं मोठी नळी ती लहर बळकट करून आकाशतारेकडे देते. चवथा नियंत्रणाचा : मोर्सच्या खटक्यानें लहर तोडणें, अथवा माइकांतील आवाज तिच्यावर चढविणें, हें याचें काम.

हीं यंत्रें दोन प्रकारांनीं घरीं बांधलीं जात. पहिला प्रकार तयार सुट्या भागांच्या पेटीचा, जिला किट म्हणतात. अमेरिकेंतील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीनें १९४७ सालापासून असे विद्युत्संच विकले. तिच्या ‘हीथकिट’ संचांचा धंदा १९९२ सालीं बंद झाला. तिचा ‘एटी-१’ हा १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांतला लहान प्रेषक; त्यांत सिक्स-एल-सिक्स ही नळी वर्धकाचें काम करी. ‘डीएक्स-१००’ हा जड व मोठा. ‘डीएक्स-६०’ हा १९६० नंतरचा, ६१४६ क्रमांकाच्या एका नळीवर चालणारा. दुसरा प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो : परदेशी संचाचा नकाशा समोर ठेवून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा चोरबाजारांतून युद्धोत्तर लष्करी मालाचे सुटे भाग आणून, पत्र्याचा सांगाडा स्वतः कापून केलेली प्रत. पहिला प्रकार मूळ ग्रंथाची नक्कल म्हटला, तर दुसरा प्रकार देशी वाचनेसारखा आहे.

तीन हात

यंत्र उघडल्यावर त्यांत किती हात दिसतात, हें प्रथम पाहावें. एक मूळ नकाशाचा पाठ. दुसरा बांधणाराचा स्वहस्त. तिसरा मागाहून आलेल्या दुरुस्तीकाराचा परहस्त. हे ओळखण्याचीं साधनें पोथीतल्या अक्षरवळणाइतकींच भरंवशाचीं आहेत. तारेवरील वेष्टण सुताचें, रबराचें कीं प्लास्टिकचें. डाख दिलेल्या जागीं तार आधीं गुंडाळली आहे कीं नुसती टेकविली आहे. डाखाचा रंग जुना मळकट कीं नवा चकचकीत. कंडेन्सर मेणकागदाचे कीं अलीकडचे. आणि भागांवर छापलेले सालाचे संकेत कोणते. एखाद्या भागावर १९५८ चा संकेत असेल तर तो जोड त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं, हें उघड आहे.

आमच्या पाहण्यांत आलेल्या एका यंत्राचें वर्णन येथें देतों. आर्वीकडील एका घराण्यांतून तें तपासण्यास आलें. तांत्रिक काम आमचे एक परवानाधारक स्नेही करितात. टिपणें व नकाशे ठेवण्याचें काम आमच्याकडे असतें. नकाशा परदेशी संचाचा होता, पण सिक्स-एल-सिक्सच्या जागीं ८०७ ही नळी होती, व तिच्यासाठीं सांगाड्याचें भोंक कानशीनें वाढविलें होतें. वीजपुरवठ्याच्या वाटेवर एक बोजड रोधक आणि त्याशेजारीं एक साधा घरगुती खटका बसविलेला होता. नकाशांत याचा मागमूस नव्हता. पाहणारास तो अडाणी दुरुस्तीचा नमुना वाटावा. तो काढून टाकावा अशी सूचनाही एका जाणकारानें केली. परंतु यंत्राबरोबर आलेली कर्त्याची नोंदवही वाचतां असें आढळलें कीं, रात्रीं उशिरां गांवांतील दिवे मालवले कीं विजेचा दाब चढे व नळ्या जळत. म्हणून तो रोधक त्यानें स्वतःच बसविला, आणि संदेशांची देवघेव बहुशः रात्रींच होत असल्यानें खटक्यानें तो चालू करीत असे. म्हणजे जो क्षेपक वाटला तो कर्त्याचाच पाठ ठरला. इतकेंच नव्हे, तर त्या काळच्या गांवच्या वीजपुरवठ्याचा तो एक पुरावाच ठरला. कठीण पाठ घाईनें टाकूं नये, हा ग्रंथसंपादनाचा नियम येथें अक्षरशः लागू पडतो.

भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ ते १९६६ पर्यंत सिद्ध केली. तींत स्वीकृत पाठ वर व पाठभेद तळटीपांत अशी व्यवस्था आहे. नाकारलेला पाठही तेथें नष्ट होत नाहीं. यंत्राच्या बाबतींत काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटींत जपून ठेवणें, ही आमची तळटीप होय.

तपासणीचा क्रम

या यंत्रांत सहाशें व्होल्ट वा त्याहून अधिक दाब असतो. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो बराच वेळ टिकतो व स्पर्श होतांच प्राण घेऊं शकतो. म्हणून जाणकारावांचून कोणींही पेटींत हात घालूं नये. जुनें यंत्र हातीं येतांच तें चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वीज जोडणें, हा सर्वांत मोठा अपराध होय. वर्षानुवर्षें पडून राहिलेला कंडेन्सर एकदम पूर्ण दाब मिळतांच फुटतो, व त्याबरोबर ट्रान्स्फॉर्मरही जळतो. आणि मूळ ट्रान्स्फॉर्मर गेला म्हणजे पोथीचा मध्यभागच गेला.

क्रम येणेंप्रमाणें ठेवावा. प्रथम चारी बाजूंनीं व आंतून छायाचित्रें घ्यावीं, आणि प्रत्यक्ष जोडणीचा नकाशा काढून मूळ नकाशाशीं ताडावा. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. पुढील पत्र्यावरील अक्षरांस स्पिरिट लावूं नये, शाईप्रमाणेंच तीं निघून जातात. नळीच्या कांचेंत आंतून चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर नळींत हवा शिरली असें समजावें. सेलेनियमचा एकदिशकारक जळल्यास त्याचा धूर विषारी असतो, आणि कित्येक जुन्या कंडेन्सरांतील तेलही अपायकारक असतें. पाझरणारा कंडेन्सर उघड्या हातानें हाताळूं नये.

नंतर विजेच्या वाटेंत एक साधा दिवा ओळींत जोडावा. यंत्रांत कोठें आडजोड असेल तर दिवा पूर्ण प्रकाशतो व यंत्र वांचतें. दाब कित्येक तासांत हळूहळू चढविला म्हणजे कांहीं जुने कंडेन्सर पुनः कार्यक्षम होतात. जे होत नाहींत ते बदलणें भागच आहे. परंतु जुन्या कंडेन्सराचें कवच पोकळ करून त्यांत नवा लहान कंडेन्सर बसवितां येतो. बाहेरून रूप तेंच राहतें, व आंत दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवतां येते. जीर्ण पानास पातळ कागदाचा आधार देण्यासारखीच ही रीति आहे. अखेरची परीक्षा आकाशतारेवर न करितां कृत्रिम भारावर करावी. म्हणजे लहर बाहेर जात नाहीं. प्रत्यक्ष प्रेषणासाठीं परवाना आवश्यक आहे.

फेरफार कोणते करावे

जीर्णोद्धार निराळा व फेरफार निराळा. तथापि कांहीं फेरफार अपरिहार्य असतात. अमेरिकन संच ११७ व्होल्ट व ६० आवर्तनांच्या विजेसाठीं केलेले; आपली वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. दाब उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर बाहेर ठेवून भागतें, परंतु आवर्तनें कमी असल्यानें आंतील ट्रान्स्फॉर्मरचें लोखंड अधिक तापतें. म्हणून दाब थोडा कमीच द्यावा. जुन्या यंत्रांस दोन तारांची दोरी असे. तिच्या जागीं भूमितारेसह तीन तारांची दोरी घालणें हें जीविताच्या दृष्टीनें आवश्यक आहे. कांहीं यंत्रांत मोर्सच्या खटक्यावरच घातक दाब येतो. तेथें मध्यें एक रिले घालावा. लहरींतील उपद्रवी उपलहरी गाळण्यासाठीं गाळणी लावावी, पण ती पेटीबाहेर.

एकदिशकारक नळी काढून सिलिकॉनचे डायोड बसविण्याची चाल फार आहे. यानें उष्णता घटते हें खरें. परंतु दाब मूळपेक्षां चढतो व इतर भागांवर ताण येतो. करावयाचेंच असेल तर रोधकासह, आणि नळीच्या बैठकींत खुपसतां येईल अशा जोडावर करावें, म्हणजे मूळ नळी केव्हांही परत बसवितां येईल. सारांश, फेरफार असा असावा कीं उद्यांच्या संशोधकास तो ओळखतां यावा व काढतांही यावा. नवीं भोंकें पाडणें, पत्रा रंगविणें, स्फटिकाची जागा मोडून नवें आंदोलक बसविणें, हीं कृत्यें या नियमांत बसत नाहींत. ज्यांस आधुनिक यंत्राची हौस आहे त्यांनीं नवेंच बांधावें. हैदराबादचे अशर फरहान यांनीं या शतकाच्या आरंभीं प्रसिद्ध केलेला ‘बिटएक्स’ हा बाजारांत सहज मिळणाऱ्या भागांचा नकाशा त्यासाठीं उत्तम आहे. जुन्या यंत्राचा बळी देण्याचें कारण नाहीं.

कागदपत्रें

संग्राहकांस आमची विशेष विनंति या भागाविषयीं आहे. किटाबरोबर येणाऱ्या पुस्तकांत प्रत्येक कृतीपुढें कंस छापलेला असे, व ती कृति झाली कीं बांधणारा त्यांत पेन्सिलीनें खूण करी. कोठें खूण राहिली, कोठें तारीख घातली, कोठें समासांत नापसंति लिहिली, हें सर्व त्या यंत्राचें जन्मवृत्त होय. संदेशांची नोंदवही, परवाना, आणि संपर्काची पोंच म्हणून परस्परांस धाडलीं जाणारीं ‘क्यूएसएल’ कार्डें हींही तशींच. या कार्डांवर तारीख, लहर व पुष्कळदां यंत्राचें वर्णनही असतें. रद्दीच्या दुकानांत कार्डें एका हातीं व यंत्र दुसऱ्या हातीं विकलें जातें. कार्डें तिकिटांच्या शोधकांकडे जातात, यंत्र तांब्यासाठीं मोडलें जातें. पोथी व तिचें वेष्टण यांची ताटातूट करूं नये, हें ज्यांस सांगावें लागत नाहीं त्यांस यंत्र व त्याची वही एकत्र ठेवावी, हेंही सांगावें लागूं नये.

काँग्रेस रेडिओसंबंधीं आज जें समजतें तें मुख्यत्वें स्मृति, साक्षी व पोलिसांचे कागद यांवरून. यंत्राची स्वतःची साक्ष या तिहींहून निराळी असते, कारण यंत्र कोणाच्या बाजूनें बोलत नाहीं. ज्या लहरींवरून आष्टीची हकीकत देशभर गेली, तिचा आंकडा दोन ठिकाणीं दोन प्रकारें लिहिला जावा, यावरूनच या साक्षीची किंमत कळून येते.

तेव्हां आपल्या गांवीं एखादें घरीं बांधलेलें प्रेषकयंत्र असेल, तर वाचकांनीं तें न उघडतां व न जोडतां प्रथम त्याचें टिपण करावें : लांबी, रुंदी, नळ्यांचे क्रमांक, स्फटिकाच्या डबीवरील आंकडा, बरोबरचे कागद, आणि घरांतील वडील माणसांस असलेली माहिती. असें टिपण एका पानांत मावतें. तें मंडळाकडे धाडल्यास जिल्हावार यादी करण्याचें काम हातीं घेतां येईल. यंत्र पुढें कोणाच्याही हातीं गेलें तरी निदान त्याची सूची आपल्या दप्तरीं राहील, आणि आजच्या घटकेस तेवढें झालें तरी पुष्कळ झालें.